आमच्या घरी हेलिकॉप्टर आले

मैत्रिणींनो, तुळशीबागेतून मी आजवर काय काय आणले याची यादी करायला बसले, तर एक वही सहज भरेल. पोळपाट, रव्या, चाळण्या, गौरींचे मुखवटे, लेकीच्या भातुकलीतल्या बंबापासून जात्यापर्यंत सगळी भांडी. पण वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी तिथून हेलिकॉप्टर घेऊन येईन असे कुणी सांगितले असते, तर मी त्याला वेड्यातच काढले असते.

हसू नका. चांगले उडणारे हेलिकॉप्टर. माझ्या वितीएवढे लांब, वजनाने एखाद्या लिंबाएवढे, आणि घरातल्या घरात उडवायचे.

झाले काय, की आमचा नातू बंगळूरला असतो. मे महिन्याच्या सुट्टीत तो इकडे यायचा होता आणि इथेच त्याला नववे वर्ष लागणार होते. फोनवर म्हणाला, "आजी, मला घरात उडवायचं हेलिकॉप्टर हवं. ड्रोन नको, आई ओरडते." आता आजीला काय, नातवाने चंद्र मागितला तरी ती आधी किंमत विचारणार! पिशवी घेतली आणि निघाले.

दुकानातल्या मुलाने माझ्यापुढे तीन खोकी मांडली आणि म्हणाला, "काकू, कुठलंही घ्या, सगळी उडतात." पण साडी घेताना पदर उलगडून पाहणारी बाई मी, मला एवढ्यावर कसे पटावे? मी तासभर त्याचे डोके खाल्ले. त्या तासाभरात जे कळले ते सांगते, तुमच्याही कामाला येईल.

पहिली गोष्ट रिमोटची. काही हेलिकॉप्टरे इन्फ्रारेडवर चालतात, म्हणजे आपल्या टीव्हीच्या रिमोटसारखी. रिमोट त्यांच्याकडे तोंड करून धरावा लागतो, आणि खिडकीतून लख्ख ऊन आत येत असले तर त्यांना रिमोटचे म्हणणे नीट कळत नाही. दुसरी रेडिओवर चालतात. त्यांना ही अडचण नाही. ती थोडी महाग असतात, पण मी रेडिओचेच घेतले. आमच्या बाहेरच्या खोलीत दुपारी मस्त ऊन येते.

दुसरी गोष्ट पंख्यांची. एका खोक्यावर डोक्यावर एकच पंखा आणि शेपटीला आडवा छोटा पंखा असलेले हेलिकॉप्टर होते. दिसायला अगदी खरे, पण शिकाऊ माणसाच्या हातात ते टिकत नाही, असे तो मुलगाच म्हणाला. दुसऱ्यावर एकावर एक असे दोन पंखे होते. नवशिक्याने हे दुमजली घ्यावे.

तिसरी गोष्ट, खोक्यात जादा पाती आहेत का आणि पुढे सुटी मिळतील का, हे आधी विचारा. पाती ही तुटणारच. काचेच्या बांगड्यांसारखे आहे ते. आणि चौथी, खोक्यावर आयएसआयची खूण पाहा. १ जानेवारी २०२१पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर ती सक्तीची झाली आहे. किती वर्षांच्या मुलासाठी ते खेळणे आहे, हेही तिथेच छापलेले असते.

दीड हजाराला थोडे कमी एवढे पैसे मोजले आणि खोके घरी आणले. आणि चारच दिवसांनी बंगळूरहून फोन, की नातवाला कांजिण्या आल्या. येणे रद्द. खोके गेले कपाटावर, लोणच्याच्या बरण्यांशेजारी.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवे, नाहीतर पुढचे तुम्हाला कळायचे नाही.

हे पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये चौतीस वर्षे होते. हातात कला. घरातला मिक्सर, घड्याळ, शिलाई मशीन, कधी म्हणून बाहेर दुरुस्तीला गेले नाही. शेजारपाजारच्या बायका बिघडलेल्या इस्त्र्या आमच्याकडे आणून ठेवायच्या. निवृत्त झाले, आणि दोन वर्षांनी एका सकाळी चहाचा कप हातातून निसटला. अर्धांगवायूचा झटका. सौम्यच होता, वेळेत दवाखान्यात नेले, बोलणे वाचले, पाय चार महिन्यांत पुष्कळ सुधारला. पण उजवा हात मागे राहिला. बोटे हलतात, पण सांगितलेले ऐकत नाहीत.

फिजिओथेरपिस्ट बाई घरी येऊन व्यायाम शिकवून गेल्या. मऊ चेंडू दाबायचा, ताटातले राजम्याचे दाणे एकेक उचलून वाटीत टाकायचे. ह्यांनी महिनाभर केले. मग एके दिवशी राजम्याची वाटी बाजूला सारून म्हणाले, "मी काय बालवाडीत आहे?" आणि बंद. सकाळपासून खिडकीशी बसायचे ते बसायचेच.

आणि मी? मी सगळे करत होते हो. सदऱ्याची बटणे मी लावायची, भात मी कालवून द्यायचा, चष्म्याची काडी मी कानामागे बसवायची. कुणी घरी आले की म्हणायचे, "काय सेवा करते बाई!" खोटे कशाला बोलू, मला ते ऐकायला बरे वाटायचे.

जून महिना लागला. एका पावसाळी दुपारी हे अचानक म्हणाले, "ते कपाटावरचं खोकं काढ पाहू."

मी म्हटले, "अहो, ते नातवाचं आहे."

"त्याला येईपर्यंत बॅटरी पडून खराब होईल. एकदा चालवून बघितलेलं बरं."

कितीतरी महिन्यांनी ह्यांनी आपणहून काहीतरी मागितले होते. मी स्टूल घेतले आणि खोके काढले.

आत हेलिकॉप्टर, रिमोट, एक छोटी वायर, जादा पाती, इवलासा स्क्रू-ड्रायव्हर, आणि मुंगीच्या अक्षरात छापलेला माहितीचा कागद. तो मी भिंग लावून मोठ्याने वाचायचा आणि ह्यांनी अर्थ लावायचा, असे ठरले.

रिमोटमध्ये चार पेन्सिल सेल घालायचे होते. त्याच्या झाकणाला स्क्रू होता. मी सवयीने हात पुढे केला. हे म्हणाले, "तू रिमोट घट्ट धर. स्क्रू मी काढतो." डाव्या हाताने काढला. वेळ लागला, पण काढला. मग सोबत आलेली वायर मोबाइलच्या चार्जरला जोडून हेलिकॉप्टर चार्जिंगला लावले. आमच्या वायरीवरचा दिवा चार्ज होताना लागतो आणि झाले की विझतो. याला चाळीस मिनिटे लागतात, आणि त्यावर ते उडते सहा-सात मिनिटे. म्हणजे पुरणपोळीसारखेच, घाट मोठा आणि खाणे क्षणाचे.

ती चाळीस मिनिटे आमच्या घरात कित्येक दिवसांनी बोलण्यात गेली. मी विचारले, "पण दोन पंखे कशाला लागतात हो?"

"तू ताक घुसळताना भांडं पायात का धरतेस?"

"नाहीतर ते रवीबरोबर हलतं म्हणून."

"हे तसंच. पंखा एका बाजूला फिरवायला गेलं, की खालचं धूड उलट्या बाजूला फिरायला बघतं. त्याला हवेत धरून ठेवायला कुणाचे पाय आणणार? म्हणून मग कुणी शेपटीला आडवा पंखा लावतं. सिकोर्स्कीनं १९३९ साली अमेरिकेत तसं हेलिकॉप्टर उडवलं आणि पुढे बहुतेकांनी तीच रीत धरली. नाहीतर असे दोन पंखे, एक उजवीकडे फिरणारा, एक डावीकडे. दोघांचं ओढणं एकमेकांत जिरतं. आपल्या नौदलाकडे रशियाची कामोव्ह हेलिकॉप्टरं आहेत ना, ती अशीच दुमजली."

चौतीस वर्षे टूलरूममध्ये काढलेला माणूस पुन्हा बोलत होता. मी नुसती ऐकत राहिले.

सर्वांत वर, पंख्यांच्याही डोक्यावर, दोन टोकांना वजने असलेली एक बारीक दांडी असते. ती पंख्याबरोबर फिरते आणि भोवरा जसा फिरता फिरता तोल सावरतो तसा हेलिकॉप्टरचा तोल सावरते. शिवाय आत जायरो नावाचा एक कणाएवढा भाग असतो, तो शेपटी उगाच गरकन फिरू देत नाही. म्हणजे हे यंत्र आपला तोल पुष्कळसा आपणच सांभाळते. हे वाक्य लक्षात ठेवा. मी त्या वेळी ते ऐकले, पण लक्षात घेतले नाही.

संध्याकाळी पहिले उड्डाण झाले. पंखा बंद केला. छताचा पंखा चालू असला तर हे लिंबाएवढे यंत्र कुठल्या कुठे भिरकावले जाते. टीपॉय आत नेला. आधी हेलिकॉप्टर चालू करून सपाट फरशीवर ठेवायचे आणि हलवायचे नाही. मग रिमोट चालू करायचा. रिमोटला अंगठ्याने हलवायच्या दोन खुंट्या असतात. डावी वर केली की हेलिकॉप्टर वर, खाली केली की खाली. उजवीने पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे वळायचे. डावी खुंटी एकदा पूर्ण वर नेऊन खाली आणली, की दोघांची ओळख पटते.

रिमोट माझ्या हातात होता. मी खुंटी ढकलली मात्र, ते यंत्र सुर्रकन उडाले, छताला आपटले आणि पडले ते थेट देवघराच्या पायरीवर. मी किंचाळले. हे हसले. मैत्रिणींनो, हे हसले! सव्वा वर्षात मी तो आवाज ऐकला नव्हता.

दुसऱ्या वेळी ते जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागले. "बिघडलंय," मी म्हटले. "बिघडलं नाही, ट्रिम करायचं राहिलंय," हे म्हणाले. रिमोटवर ट्रिम नावाची छोटी बटणे असतात. हेलिकॉप्टर आपोआप डावीकडे फिरत असेल तर ट्रिम उजवीकडे दाबायची, उजवीकडे फिरत असेल तर डावीकडे. पण एका वेळी एकच टिच. मग थांबायचे, बघायचे, मग दुसरी टिच. भाजीत मीठ घालतो तसे. आम्हाला सात टिचा लागल्या आणि गिरक्या थांबल्या.

आणखी एक युक्ती सांगते. नवशिकी माणसे भीतीपोटी ते जमिनीलगतच उडवत राहतात. तिथेच ते जास्त लडबडते, कारण त्याच्याच पंख्यांचा वारा फरशीवर आपटून परत त्याच्याच अंगावर येतो. धीर करून कमरेएवढे वर न्यावे, तिथे ते शांत होते. आणि कशाला अडकले किंवा पडले, की पहिल्याप्रथम डावी खुंटी पूर्ण खाली. पाते अडकलेले असताना मोटर चालू राहिली तर ती जळते.

एवढे सगळे कळूनही माझे हेलिकॉप्टर हवेत काही टिकेना. जरा डावीकडे झुकले की मी खुंटी जोरात उजवीकडे ढकलायची, मग ते फारच उजवीकडे जायचे, की मी पुन्हा डावीकडे. शेवटी पडद्यात जाऊन अडकायचे.

"अगं, सोड ना त्याला," हे म्हणाले. "किती सावरशील? ते आपलं आपण सरळ होतंय, तूच होऊ देत नाहीस."

मी चिडून खुंटीवरचा अंगठा उचलला. हेलिकॉप्टर जरासे डुलले आणि खरेच, खोलीच्या मध्यावर स्थिर उभे राहिले. माझी मीच चकित झाले.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी रिमोट मागितला. मांडीवर उशी घेतली आणि उशीवर रिमोट ठेवला, म्हणजे तो धरण्यात ताकद जायला नको. डावी खुंटी डाव्या अंगठ्याने, ती छान जमली. हेलिकॉप्टर हळूच वर आले. पण उजवी खुंटी उजव्या अंगठ्याची. तो अंगठा काही केल्या पुढे सरकेना, आणि सरकला तो एकदम. हेलिकॉप्टर भिंतीवर. पुन्हा वर, पुन्हा भिंतीवर. तिसऱ्या वेळी मला बघवेना. मी ह्यांच्या उजव्या हातावर माझा हात ठेवला आणि त्यांचा अंगठा माझ्या अंगठ्याने ढकलू लागले.

"हात काढ."

आमच्या लग्नाला अडतीस वर्षे झाली. ह्या आवाजात हे माझ्याशी कधी बोलले नव्हते.

मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. गवारीच्या शेंगा मोडायला घेतल्या. डोळ्यांत पाणी होते, शेंगा दिसत नव्हत्या. मनात आले, एवढे केले, रात्रीचा दिवस केला, आणि त्याचे हे फळ? बाहेरून आवाज येत होता. घुर्र, धप्प. थोडा वेळ शांत. घुर्र, धप्प. मी उठून गेले नाही. मग घुर्र लांबले, लांबले, आणि धप्प आलेच नाही. बॅटरी संपत आली की ते हळूहळू खाली उतरते, तसे उतरले असावे.

थोड्या वेळाने हे भिंतीला धरत स्वयंपाकघराच्या दाराशी आले. म्हणाले, "रागावलीस?"

मी काही बोलले नाही.

"तू रोज माझ्या सदऱ्याची बटणं लावतेस. तुला अर्धं मिनिट लागतं. मला लावायला दहा मिनिटं लागतील, पंधरासुद्धा लागतील. पण मला कुठं जायची घाई आहे, सांग बरं?"

मैत्रिणींनो, ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. घाई मला होती. दूध उतू जायच्या आत, कुकरची शिट्टी व्हायच्या आत, कामवाली यायच्या आत ह्यांना तयार करून खुर्चीत बसवायची घाई. त्याला मी सेवा म्हणत होते. सेवा नव्हती असे नाही, पण त्यात माझी सोयही होती. आणि त्या सोयीपायी ज्या हाताने एवढी यंत्रे दुरुस्त केली त्या हाताला मी कामावरून काढून टाकले होते. व्यायामाचा राजमा त्यांनी सारला खरा, पण उरलेली सगळी कामे मीच त्यांच्या हातून काढून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सदरा खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि आत निघून गेले. सांगायला सोपे आहे. कान सगळे बाहेर लागलेले. अठरा मिनिटे लागली. मी घड्याळ पाहत होते.

आता लगेच चमत्काराची वाट पाहू नका. हेलिकॉप्टरने हात बरा झाला असे मी म्हणणार नाही, तसे होतही नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंना फोन करून विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांना आवडतंय तर जरूर करू दे. पण व्यायामाच्या ऐवजी नाही, व्यायामाच्या जोडीला. आणि बोटं दमली की थांबायचं." ते थांबणे बॅटरीच करून घेते. सात मिनिटे उडवायचे, मग ती निवायला पाव तास, मग चार्जिंग. तेवढ्यात राजम्याचे दाणे उचलायचे. हो, राजमा परत आला. आता त्याला हे 'पायलटचं ट्रेनिंग' म्हणतात.

ऑगस्टमध्ये एक खालचे पाते तुटले. जादा पाती होती, पण त्यांच्यावर ए आणि बी अशी बारीक अक्षरे असतात. ज्या मजल्यावर ए आहे तिथे एच लावावे लागते, कारण दोन्ही पंखे उलट्या दिशांनी फिरतात. ह्यांनी टेबलावर पांढरा रुमाल पसरला, म्हणजे तीळाएवढा स्क्रू हरवू नये. डाव्या हातात स्क्रू-ड्रायव्हर, उजव्याने हेलिकॉप्टर दाबून धरलेले. पहिल्यांदा स्क्रू फार आवळला गेला. पाते आपल्या जागी सैलसर हलले पाहिजे, नाहीतर सगळे यंत्र थरथरते. परत काढला, परत बसवला. सव्वा तास! मी समोर बसून मेथी निवडत होते. माझे आख्खे आयुष्य कामात गेले, पण त्या सव्वा तासात हात मांडीवर ठेवून बसण्याएवढे अवघड काम मी कधी केले नाही.

नातवाला हे सगळे फोनवर कळत होतेच. तोही वाचून वाचून आम्हाला काही सांगायचा. राइट बंधू लहान असताना, १८७८ साली, त्यांच्या वडिलांनी त्यांना रबरावर उडणारे खेळण्यातले हेलिकॉप्टर आणून दिले होते. ते मोडले तेव्हा त्या दोघांनी स्वतः तसेच दुसरे करून पाहिले. रिमोटवरची हेलिकॉप्टरे १९७०च्या सुमारास जर्मनीत डिटर श्लुटर यांनी यशस्वी केली, पण ती इंजिनाची, वजनदार, मैदानात उडवायची. हलक्या लिथियम बॅटऱ्या आणि चिमुकल्या मोटारी आल्या, आणि २००६मध्ये हाँगकाँगच्या एका कंपनीने जेमतेम दहा ग्रॅमचे हेलिकॉप्टर बाजारात आणले. तेव्हापासून ती माणसांच्या दिवाणखान्यात शिरली. आमच्या दिवाणखान्यात शिरायला आणखी थोडी वर्षे लागली, एवढेच.

तुमच्यापैकी कुणी असे काही घेणार असाल, तर काळजीच्या चार गोष्टी सांगून ठेवते. चार्जिंगला लावून बाजारात किंवा झोपायला जाऊ नका. गादीवर, सोफ्यावर ठेवून चार्ज करू नका. फरशीवर किंवा ओट्यावर ठेवा. उडवून झाल्याबरोबर गरम बॅटरी चार्जिंगला लावू नका. बॅटरी फुगलेली दिसली तर तिचा उपयोग तिथेच संपला; ती ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. महिनाभर वापरणार नसाल तर पूर्ण रिकामी करून ठेवू नका आणि रिमोटमधले सेल काढून ठेवा. उडवताना केस बांधा, पदर खोचा, समई आणि गॅस जवळ नको. आणि आपल्या केसांची गुंतवळ फरशीवर असेल तर आधी झाडून घ्या. ती पंख्याच्या दांड्याला अशी गुंडाळते, की सुईने काढावी लागते.

दिवाळीला नातू आला. आल्या आल्या म्हणाला, "आजोबा, हेलिकॉप्टर!" हे वायर जोडायला बसले. ती पिन इवलीशी, भोक त्याहून इवले, आणि उजवा हात थरथरत होता. एकदा चुकली, दोनदा चुकली. पोराला कुठला धीर? "द्या आजोबा, मी लावून देतो," म्हणत त्याने हात पुढे केला.

मी त्याचा हात धरला. म्हटले, "थांब. त्यांना लावू दे."

तिसऱ्यांदा पिन बसली. वायरीवरचा दिवा लागला.

भाऊबीजेच्या दिवशी नणंदेकडे जेवायला जायचे होते. सगळे तयार होऊन दारात उभे. हे सदरा घालून बाहेर आले, आणि मी पाहिले की एक बटण चुकले होते. वरचे खालच्या काज्यात, आणि मग सगळीच एकेक घर खाली. माझा हात अर्धा उचललाही गेला होता. तो मी पदर सारखा करायला वळवला आणि चपला घालायला वाकले. हे आरशासमोर गेले, थांबले, "अरेच्चा," म्हणाले, आणि पहिल्यापासून बटणे सोडायला लागले.

आम्हाला पोहोचायला वीस मिनिटे उशीर झाला. नणंद जरा फुरंगटली होती, पानं वाढून ताटकळली होती बिचारी. कारण विचारले तिने, पण मी सांगितले नाही. तुम्हाला मात्र सांगितले.